टेनिसचा खेळाडू घडतो कसा, जगतो कसा

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी उभे राहिले, की कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. पहिल्या पाळीची माणसे आत जातात, रात्रपाळीची जांभया देत बाहेर पडतात. मागच्या वर्षी एका रविवारी याच गर्दीतून वाट काढीत एक गृहस्थ मोटारसायकलवरून बालेवाडीला आले होते. मागे अकरा वर्षांचा मुलगा, आणि मुलाच्या पाठीवर रॅकेटची लांबट पिशवी. त्यांच्या जमिनीचा काही भाग औद्योगिक वसाहतीत गेलेला. उरलेल्या रानात कांदा-बटाटा, आणि मोठा मुलगा एका कारखान्यात कामाला. धाकट्याला टेनिसचे वेड लागले ते शाळेतल्या एका शिबिरात. कोर्टाबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, "सर, पोरगं चांगलं खेळतंय असं सगळे म्हणत्यात. जमिनीचे थोडे पैसे आहेत, ते याच्यावर घालावे म्हणतो. पण एक सांगा, या टेनिसात पर्मनंट कधी होतात?"

प्रश्न ऐकून आपल्याला कदाचित हसू येईल. मला मात्र तो फार शहाणपणाचा वाटला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात माणूस आधी कंत्राटी असतो, मग ट्रेनी होतो, आणि नशीब असेल तर पर्मनंट होतो. प्रत्येक पायरीवर पगार किती, सुट्ट्या किती, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा टेनिसच्या धंद्यातही पायऱ्या आहेत काय, प्रत्येक पायरीवर हाती काय पडते आणि खिशातून काय जाते, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपण सावकाश पाहू.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. कुस्तीच्या फडात गाव पैलवानाला बोलावते आणि इनाम लावते. क्रिकेट किंवा कबड्डीत संघ असतो. खेळाडू संघात निवडला गेला, की जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च बहुधा संघ पाहतो. टेनिसच्या खेळाडूला असा संघ नाही. देशासाठी खेळताना संघटना खर्च करते, पण ते वर्षातले मोजके आठवडे. उरलेले सारे वर्ष तो एकटा असतो. विमानाचे तिकीट त्याचे, खोलीचे भाडे त्याचे, शिक्षकाचा पगारही त्याचाच. रॅकेटच्या तारा सैल पडतात, तुटतात; त्या पुन्हा ताणून बसवणे, म्हणजे गटिंग करणे, हा तर नेहमीचाच खर्च. मालकही तो आणि कामगारही तोच, असा हा एका माणसाचा कारखाना आहे.

आता पायऱ्या पाहू.

पहिली पायरी देशातली. अखिल भारतीय टेनिस संघटना आणि आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा भरवतात. जिंकलेल्या सामन्यांचे गुण मिळतात आणि त्या गुणांवरून देशातली क्रमवारी लागते. इथे बक्षीस म्हणजे मुख्यतः करंडक आणि प्रमाणपत्र. खर्च सगळा घरचा.

दुसरी पायरी जागतिक कुमारांची. तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलांना आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांत उतरता येते. लहान स्पर्धेला जे-३०, त्याहून मोठीला जे-६०, असे करीत जे-५०० पर्यंत दर्जे आहेत. इथेही बक्षिसाची रक्कम नसते. मुलगा परदेशात जाऊन जिंकून आला, तरी घरी येते ती कीर्ती आणि गुण.

तिसऱ्या पायरीपासून धंदा सुरू होतो. सर्वांत लहान व्यावसायिक स्पर्धेत बक्षिसाची एकूण रक्कम पंधरा हजार डॉलर असते. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण ती एकेरीच्या बत्तीस खेळाडूंत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटायची असते. एकेरी जिंकणाऱ्याला दोन हजार डॉलरच्या थोडे वर मिळतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती पडतात साधारण दीडशे डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, आणि त्यातूनही कर कापला जातो. त्याच आठवड्याचे विमानाचे भाडे बहुधा याहून जास्त झालेले असते.

चौथी पायरी पुरुषांसाठी 'चॅलेंजर' स्पर्धांची, आणि महिलांसाठी त्याच तोडीच्या मोठ्या रकमेच्या स्पर्धांची. पाचवी पायरी मुख्य जागतिक दौऱ्याची. या दौऱ्याचे दर्शन आपल्या दाराशीच घडले आहे. वाकडकडून मुळा नदीचा पूल ओलांडला, की म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभे राहिले. तिथे २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चे वर्ष सोडून, दरवर्षी पुरुषांची जागतिक दौऱ्यातली स्पर्धा होत असे. २०१९ चा अंतिम सामना पुष्कळांना आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेच्या केविन अँडरसनने क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला हरवले, आणि तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. आता ती स्पर्धा पुण्यात होत नाही. सगळ्यांत वर आहेत चार ग्रँड स्लॅम स्पर्धा : ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन.

एका पायरीवरून दुसरीवर कोण जाणार, हे निवड समिती ठरवत नाही, क्रमवारी ठरवते. ओळखीचा किंवा वशिल्याचा इथे फारसा उपयोग नाही, ही चांगली गोष्ट. यजमानांच्या हाती काही थोड्या जागा असतात, त्यांना 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. परंतु त्यांच्या भरवशावर धंदा चालत नाही. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जण क्रमवारीवरून थेट घेतले जातात आणि १६ जण पात्रता फेऱ्या जिंकून येतात. म्हणजे ढोबळ मानाने जगातल्या पहिल्या शंभरांत असल्याशिवाय दार सरळ उघडत नाही.

शिवाय मिळवलेले गुण कायमचे नसतात. बावन्न आठवडे झाले, की ते गळून पडतात. आपल्याकडच्या बैलगाड्याच्या घाटात गेल्या वर्षी पहिला नंबर आला, म्हणून यंदा कोणी फेटा बांधत नाही. यंदाची बारी यंदाच पळवावी लागते. टेनिसचे तसेच आहे. त्यातून पाय मुरगळला, खांदा दुखावला आणि सहा महिने घरी बसावे लागले, तर क्रमवारी घसरते. दुखापतीच्या काळात जुन्या क्रमांकावर काही स्पर्धांत प्रवेश मिळण्याची सोय नियमांत आहे, पण बहुतेक खेळाडूंना त्या काळातला पगार कोणी देत नाही.

मग या धंद्यात पोट भरते तरी किती जणांचे? आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ सालच्या आकड्यांवरून याचा हिशेब मांडला होता. त्या वर्षी जगात ८,८७४ पुरुष आणि ४,८६२ स्त्रिया व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. त्यांतल्या ३,८९६ पुरुषांना आणि २,२१२ स्त्रियांना वर्षभरात बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नाही. प्रवास, राहणे, जेवण, कपडे, गटिंग असा वर्षाचा सरासरी खर्च पुरुषाला ३८,८०० डॉलर आला, म्हणजे त्या वेळच्या भावाने बावीस-तेवीस लाख रुपये. शिक्षकाचा पगार यात धरलेला नाही. जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या क्रमांकाला आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकाला होत होती. त्यांच्या खालचे सगळे घरातून पैसे घालून खेळत होते.

यानंतर परिस्थिती थोडी सुधारली. वरच्या स्पर्धांतील रकमा खूप वाढल्या. २०२४ साली विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही साठ हजार पौंड मिळाले, म्हणजे साठ लाख रुपयांहून अधिक. पुरुषांच्या जागतिक संघटनेने त्याच वर्षापासून किमान मिळकतीची हमी सुरू केली : पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख, आणि १७६ ते २५० क्रमांकांना पंचाहत्तर हजार. वर्षाची कमाई याहून कमी पडली, तर फरक संघटना भरून देते. आमच्या चाकणच्या गृहस्थांच्या भाषेत सांगायचे, तर 'पर्मनंट'च्या सर्वांत जवळची गोष्ट हीच. पण ती जगातल्या अडीचशे पुरुषांपुरती आहे, आणि तीही वर्षावर्षाची.

हे कोरडे आकडे झाले. एका खेळाडूची हकीकत ऐकली, म्हणजे त्यांचा अर्थ कळेल. सुमित नागल हा हरियाणातील झज्जर जिल्ह्याचा. वडील शाळामास्तर. लहानपणीच हेरला गेला, आणि २०१५ साली विम्बल्डनच्या कुमार गटात दुहेरीचे विजेतेपद त्याने मिळवले. पुढे तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू झाला. असे असूनही २०२३ च्या सप्टेंबरात त्याने जाहीरपणे सांगितले, की आपल्या खात्यात केवळ नऊशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपये आहेत, आणि वर्षाचा खर्च मात्र ऐंशी लाख ते एक कोटी आहे. चारच महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, तो पात्रता फेऱ्या जिंकून ऑस्ट्रेलियन स्पर्धेत गेला आणि एकतिसाव्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्याने हरवले. त्या एका स्पर्धेतून त्याला एक कोटीच्या जवळपास रक्कम मिळाली. पुढच्याच महिन्यात तो पहिल्या शंभरांत आला आणि जुलैत ६८ व्या क्रमांकावर पोहोचला.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, पाहा, धीर धरला म्हणून फळ मिळाले! खरे आहे. पण त्याच्याइतकाच धीर धरून ज्यांना ते फळ मिळाले नाही, त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. आईबापांनी हिशेब करताना त्यांचीही आठवण ठेवावी.

अंकिता रैनाचे उदाहरण घ्या. मूळची अहमदाबादची ही मुलगी लहान वयात पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली तयार झाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीत कांस्यपदक मिळवले. २०२० साली ती जगात १६० व्या क्रमांकापर्यंत गेली. सबंध जगात एकशेसाठावी! आपल्या तालुक्यात एखादा मुलगा एखाद्या विद्येत जगात एकशेसाठावा आला, तर आपण त्याची हत्तीवरून मिरवणूक काढू. पण २०२१ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पात्रता फेरीचा शेवटचा सामना ती हरली आणि एकेरीच्या मुख्य फेरीचे दार तिच्यापुढे बंद झाले. दुहेरीत मात्र तिला जागा मिळाली. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाच्या जोडीने ती देशासाठी दुहेरी खेळली.

आता या शिडीला एक आडवाटेची पायरी आहे. आपल्या भागातल्या पालकांना आणि शिक्षकांना ती विशेष माहीत असावी, म्हणून इथे थोडे थांबू.

श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले. वडील पोलीस खात्यात. कुमार वयात नाव झाल्यावर ती एकदम धंद्यात न पडता अमेरिकेला, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली. तिकडच्या विद्यापीठांचे टेनिसचे संघ असतात आणि चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळतात. पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षण, राहणे आणि जेवण येते. शिक्षक आणि सामन्यांचा प्रवास विद्यापीठाचा. वर्षभर खेळायला भरपूर सामने मिळतात, आणि शेवटी हाती पदवी पडते. शिडीच्या ज्या पायरीवर घरचे सर्वांत जास्त पैसे बुडतात, ती अठरा ते बावीसची वर्षे अशी दुसऱ्याच्या खर्चाने निघून जातात.

परत आल्यावर ऋतुजालाही सोपे गेले नाही. खेळ थांबवून नोकरी धरावी, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. पण ती आणखी थोडा काळ थांबली. ३० सप्टेंबर २०२३ या दिवशी चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. तिचा जोडीदार रोहन बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचा, ती सत्तावीसची. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट त्यांनी २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्णपदक आणले.

पुण्याचा अर्जुन कढे याच वाटेने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला. २०१८ साली बालेवाडीच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत त्याला एकेरीत वाइल्ड कार्ड मिळाले, तेव्हा आपल्या लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याने ओळखले, की आपली भाकरी दुहेरीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर त्याने जागतिक दौऱ्यातले दुहेरीचे विजेतेपद मिळवले. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. एकेरीत जमले नाही म्हणजे सगळे संपले, असे नव्हे, हे यातून घ्यावे.

आणखी एक योगायोग सांगतो. बालेवाडीचा तो अँडरसन अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून आलेला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बालेवाडीवर जी चॅलेंजर स्पर्धा झाली, ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने जिंकली. हा गडी ऋतुजाच्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा. त्याने २०२५ साली, क्रमवारीत २०४ वा असताना, शांघायची मोठी मास्टर्स स्पर्धा जिंकून सर्वांना चकित केले. कॉलेजात गेला म्हणजे खेळ संपला, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

परंतु त्या शिष्यवृत्तीसाठी नुसता जोरदार फोरहँड पुरत नाही. दहावी-बारावीचे मार्क लागतात, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, शाळेचे सारे कागद नीट लागतात. इथेच आपल्या शिक्षकबंधूंची आणि भगिनींची गाठ पडते. मुलगा सातवी-आठवीत चमकू लागला, की काही पालक त्याची शाळा सोडवतात आणि दिवसभर कोर्टावर उभा करतात. हौस समजू शकते. पण तसे करून ते शिडीची सर्वांत भक्कम पायरी स्वतःच्या हाताने काढून टाकतात. अशा वेळी शिक्षकाने घरी जाऊन बोलावे. सामन्यासाठी मुलगा आठवडाभर गैरहजर राहिला, तर हजेरीवर लाल शेरा मारून न थांबता बुडालेला धडा त्याच्याकडून भरून घ्यावा.

शाळेत कोर्ट नाही म्हणून अडून बसू नये. जाळीची उंची मध्यभागी तीन फूट असते. शाळेच्या भक्कम भिंतीवर तीन फुटांवर चुन्याची रेघ ओढली, की सरावाची भिंत तयार झाली. लहान मुलांना एकदम कडक चेंडू देऊ नयेत. लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे मंद उसळीचे चेंडू मिळतात. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत २०१२ पासून मंद चेंडूच वापरण्याचा नियम आहे. बारा वर्षांपर्यंत मुलाला खो-खो, धावणे, पोहणे हेही करू द्यावे. एकाच खांद्यावर लहानपणापासून भार टाकला, तर तो खांदा पुढे दाद देत नाही.

शालेय क्रीडास्पर्धांत लॉन टेनिस आहे. तिथल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळू शकतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. 'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या मुलांना प्रशिक्षणाखेरीज दरमहा दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक चालतो, याचे नियम वेळोवेळी बदलतात; तेव्हा ऐकीव माहितीवर न विसंबता जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन खात्री करावी. खेळता खेळता पंचाचे काम, प्रशिक्षकाची परीक्षा, व्यायामशिक्षण, गटिंगचे हुन्नर हेही शिकता येते. या कामांतही माणसे अब्रूने पोट भरतात.

आता कट्ट्यावर बसलेल्या त्या गृहस्थांकडे वळू. मी त्यांना म्हणालो, "दादा, या धंद्यात पर्मनंट कोणीच होत नाही. तेव्हा जमिनीचा पैसा यात घालू नका. तो त्याच्या शिक्षणाला आणि तुमच्या म्हातारपणाला राहू द्या. महिन्याच्या मिळकतीतून जेवढे सहज निघेल, तेवढेच खेळावर खर्च करा, आणि वहीत मांडून ठेवा. सोळाव्या वर्षी वही उघडा. देशात पहिल्या काही मुलांत असेल, तर पुढच्या वाटेचा विचार करू. नसेल, तरी दहावी झालेला, काटक शरीराचा, हरलेला सामना पचवायला शिकलेला मुलगा तुमच्या घरात असेल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शाळा नि खेळ, दोन्ही बैल जुंपायचे."

"दोन्ही," मी म्हणालो.

मुलगा अजून खेळतो. शनिवार-रविवार बापलेक बालेवाडीला येतात, आणि परीक्षेच्या दिवसांत येत नाहीत.